ड्रोनच्या युद्धात मानववंशशास्त्रज्ञाचं काय काम?

माणसांच्या रीतिरिवाजांचा, नात्यागोत्यांचा अभ्यास करणाऱ्या या शास्त्रज्ञाला काम आहे, पण ते करावं का, यावरूनच त्या क्षेत्रात जुंपलेली आहे.

आकाशातला कॅमेरा माणसं टिपतो, ती कशासाठी जमलीत हे त्याला कळत नाही. १७ मार्च २०११ ला पाकिस्तानातल्या उत्तर वझिरिस्तानात, दत्ता खेल इथे क्रोमाइटच्या खाणीचा वाद मिटवायला जिरगा, म्हणजे पंचायत, भरली होती. अमेरिकी ड्रोनने क्षेपणास्त्रं डागली, ४० च्या आसपास माणसं गेली. अमेरिकी अधिकारी म्हणाले, अतिरेकी होते. पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांनी जाहीर निषेध केला.

मग लष्कराला समाज समजावून सांगणारा माणूस हवाच, असं वाटेल. अमेरिकी सैन्याने २००७ मध्ये तेही केलं होतं. ‘ह्यूमन टेरेन सिस्टिम’ या योजनेत मानववंशशास्त्रासह सामाजिक शास्त्रांचे अभ्यासक इराक-अफगाणिस्तानात तुकड्यांसोबत पाठवले. त्याच वर्षी अमेरिकी मानववंशशास्त्र संघटनेच्या कार्यकारी मंडळाने योजनेला विरोध केला. मला तो पटतो. शेजारी बंदूकधारी जवान उभा असताना गावकऱ्याने दिलेल्या मुलाखतीला संमती कशी म्हणायची? शिवाय त्याने सांगितलेली नातीगोती उद्या कुणाला लक्ष्य ठरवायला वापरली जातील, हे अभ्यासकाच्या हातात राहत नाही. तीन अभ्यासकांचा जीवही गेला. २०१४ मध्ये योजना गुंडाळली.

(गंमत म्हणजे, १९१९ मध्ये नामवंत मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी हेरगिरी करणाऱ्या सहकाऱ्यांवर टीका केली, तेव्हा याच संघटनेने उलट बोआसनाच दोषी ठरवलं होतं.)

आता लक्ष्य ठरवायला तीच नातीगोती फोनच्या नोंदींवरून जुळवतात. त्यात कोण कुणाशी बोललं ते दिसतं. सोयरीक जुळवायला की सुरुंग पेरायला, ते नाही.