इंजेक्शनची सुई बघितली की चक्कर येते, संमोहनाने ही भीती जाईल का?

थोडीफार मदत होऊ शकते, पण नुसत्या संमोहनावर पैसे घालवू नका. संमोहन म्हणजे झोप नाही, तुम्हाला सगळं ऐकू येत असतं, लक्ष एका जागी आणून शरीर सैल सोडायचं आणि मग मनातल्या मनात दवाखाना, स्पिरिटचा वास, दंडावर बांधलेली पट्टी असं एकेक समोर आणायचं, एवढंच. ते लंबक वगैरे सिनेमातच.

फोबियावर सगळ्यात भरवशाचा उपाय एक्सपोजर थेरपी, म्हणजे ज्याची भीती त्याला टप्प्याटप्प्याने सामोरं जायचं. आधी सुईचा फोटो, मग हातात रिकामी सिरिंज, मग दुसऱ्याला इंजेक्शन देताना बघणं... संमोहन याच्या जोडीला ठीक.

आणि तुमच्या केसमध्ये एक गंमत आहे बघा. बाकीच्या भीतीत बीपी वाढतं, पण सुई किंवा रक्ताच्या भीतीत ते आधी वाढून मग धाडकन खाली येतं म्हणून चक्कर येते, आणि अशा वेळी कोणी "रिलॅक्स, अंग सैल सोडा" म्हटलं तर उलटंच व्हायचं! त्यापेक्षा हातपाय, पोट १०-१५ सेकंद घट्ट आवळायचं, चेहरा गरम वाटला की सोडायचं, अर्धा मिनिट थांबून परत, असं पाचेक वेळा. फक्त ज्या दंडात सुई टोचणार तो सैलच ठेवा. नर्सला आधीच सांगून आडवं पडून घ्यायला लाजू नका.

संमोहनाचा दोन दिवसांचा कोर्स करून बोर्ड लावणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा सायकिअॅट्रिस्टच गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.