'शेवटचं होतं' की 'शेवटचं ठरलं'?

विचारणा अशी आहे : 'सोल 1988 हे पूर्व जर्मनीचे विसर्जनापूर्वीचे अंतिम ऑलिम्पिक होते' हे वाक्य बरोबर आहे का? व्याकरण बिनचूक आहे. तरी मी ते असं लिहिणार नाही, आणि त्याचं मुख्य कारण 'होते' हे साधं क्रियापद आहे.

मावशी गेल्यावर मी लिहिलं होतं, 'दिवाळीतली ती आमची शेवटची भेट ठरली.' त्या दिवशी दारात चपला घालत होतो तर ती म्हणाली, 'आंब्याच्या दिवसांत ये, चार दिवस राहायलाच ये.' तिथे 'शेवटची भेट होती' लिहिलं असतं, तर निरोप घेताना आम्हाला ते ठाऊक असल्यासारखं वाटलं असतं. पुढे जे घडलं त्यामुळे मागच्या गोष्टीला आलेला अर्थ 'ठरणे' नेमका पकडतं.

सोलमध्ये तेच झालं. पूर्व जर्मनीने 37 सुवर्णांसह 102 पदकं मिळवली, एकट्या क्रिस्टिन ऑटोने जलतरणात 6 सुवर्णं जिंकली. 2 ऑक्टोबर 1988 ला समारोप झाला, तेव्हा बर्लिनची भिंत उभीच होती. ती 9 नोव्हेंबर 1989 ला खुली झाली आणि 3 ऑक्टोबर 1990 ला तो देशच उरला नाही. म्हणून सोल शेवटचं 'ठरलं'.

याउलट बार्सिलोना 1992. चेकोस्लोव्हाकियातल्या दोन्ही बाजूंच्या नेत्यांचं वेगळं व्हायचं ठरलं 23 जुलैला, आणि उद्घाटन होतं 25 जुलैला. यान झेलेझ्नीने भालाफेकीत सुवर्ण जिंकलं तेव्हा या झेंड्याखालचं हे शेवटचंच, हे दिसत होतं. तिथे 'शेवटचं होतं' हेच चोख. फक्त ते चेकोस्लोव्हाकियाचं शेवटचं. झेलेझ्नीने पुढे अटलांटा आणि सिडनीतही सुवर्ण जिंकलं, चेक प्रजासत्ताकासाठी.

'ठरणे' वापरताना कर्ता मात्र जपा. 'पूर्व जर्मनी सोलमध्ये शेवटचा ठरला' असं लिहिलंत तर वाचक समजेल की तो देश तळाला राहिला. प्रत्यक्षात पदकतक्त्यात तो सोव्हिएत संघाखालोखाल दुसरा होता, अमेरिकेपेक्षा एक सुवर्ण जास्त! सहभाग शेवटचा ठरतो किंवा ऑलिम्पिक शेवटचं ठरतं, देश नव्हे.

'अंतिम'ही खेळाच्या मजकुरात टाळावं. अंतिम म्हटलं की अंतिम सामना किंवा अंतिम फेरीच डोळ्यांपुढे येते. सोलमध्येच सोव्हिएत संघाने फुटबॉलच्या अंतिम सामन्यात ब्राझीलला 2-1 हरवलं. सोव्हिएत संघाचंही ते शेवटचंच ऑलिम्पिक, म्हणजे घोळ नक्की.

राहिलं 'विसर्जन'. गणपतीचं, विधानसभेचं होतं. देशाचं म्हणायला मला जड जातं. देश कसा संपला ते पाहून शब्द घ्यावा. सोव्हिएत संघाचं विघटन झालं, चेकोस्लोव्हाकियाचं विभाजन. तिथे 'फाळणी' नको. त्या शब्दाला आपल्याकडे 1947 चं रक्त लागलेलं आहे आणि ते दोन देश शांतपणे वेगळे झाले. पूर्व जर्मनी मात्र पश्चिमेच्या संघराज्यात सामील झाला. कोल्हापूर संस्थान 1949 साली मुंबई प्रांतात आलं, तेव्हा आपण जो शब्द वापरला तोच इथे चपखल बसतो : विलीन.

तर माझं वाक्य : 'विलीनीकरणापूर्वीचं पूर्व जर्मनीचं शेवटचं ऑलिम्पिक सोलचं ठरलं.'