चौथी ओळ सगळ्यात वर लिहा

तुम्ही लिहिलंय की तीन आठवडे धड झोप नाही, हातातलं काम पुरं होत नाही आणि रात्री पडल्यापडल्या ‘सकाळी डोळे उघडलेच नाहीत तर बरं’ असं वाटून जातं. वर्षानुवर्षं ज्यांच्याकडे जाता त्या फॅमिली डॉक्टरांशी बोलावं असं मनात आहे. पण ते काय म्हणतील, घरी सांगतील का, या धास्तीने दोनदा अपॉइंटमेंट घेऊन दोन्ही वेळा रद्द केलीत. या वाटेने मी स्वतः गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक तातडीचं. ‘डोळे उघडू नयेत’ असं वाटणंही गंभीरच आहे. पण कसं, कधी, कशाने हे डोक्यात ठरायला लागलं असेल, गोळ्या बाजूला काढून ठेवल्या असतील, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. आत्ताच रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा तुमच्या भागातल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन लावा. कुणीतरी सोबत असू द्या. घरातल्या जास्तीच्या गोळ्या, विषारी औषधं दुसऱ्याच्या ताब्यात द्या. मरणाची ती तीव्र ओढ बहुतेक वेळा लाटेसारखी येते आणि ओसरते, कधी काही मिनिटांत, कधी काही तासांत. तेवढा वेळ हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. मी हे पुस्तकातलं सांगत नाहीये.

आता डॉक्टरांचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सांगितलं, डोकं जड असतं, पित्त होतं, भूक नाही. त्यांनी पोट तपासलं, पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. उठले, दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तेव्हा कुठे तोंडातून निघालं, ‘झोपही येत नाही हल्ली.’ पुढचा पेशंट तोवर आत आलेला. डॉक्टर म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नका.’ मी बाहेर पडले आणि पुढचे सहा आठवडे कुणाशीच काही बोलले नाही. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज वाटतं, मी त्यांच्यासमोर पित्त ठेवलं, त्यांनी पित्तावर औषध दिलं. खरं दुखणं मी दारापर्यंत तसंच घेऊन गेले होते.

दुसऱ्यांदा जाताना कागदावर चार ओळी लिहिल्या. पाच आठवडे पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. वजन चार किलोने उतरलंय. आंघोळीला उठायलाही तासभर लागतो. आणि चौथी ओळ, सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक अक्षरात: मरावंसं वाटतं. बोलायला गेले तर रडूच फुटलं, म्हणून कागद नुसता पुढे सरकवला. डॉक्टरांनी तो वाचला, पेन खाली ठेवलं, चौथ्या ओळीवर बोट टेकवलं आणि म्हणाले, ‘आधी हे बोलू.’ मग सरळ विचारलं: जीव द्यायचा विचार येतो का? कसा द्यायचा हे ठरवलंय का? आधी कधी प्रयत्न केलाय का? घरात कोण असतं? इतके दिवस जे मी स्वतःशीही उच्चारत नव्हते, ते दुसऱ्या माणसाच्या तोंडून साध्या आवाजात ऐकलं आणि खांदे एकदम सैल पडले. असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, हे अभ्यासांतून पुरेसं स्पष्ट झालेलं आहे. त्यामुळे डॉक्टरांनी थेट विचारलं तर दचकू नका. ते त्यांचं काम चोख करताहेत.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की ती चौथी ओळ सगळ्यात वर लिहा. तपासणीच्या थोडक्या वेळात डॉक्टर पहिल्या वाक्याच्या मागे जातात. ‘अंग दुखतं’पासून सुरुवात केली तर तपासणी अंगदुखीकडेच वळते. ‘डॉक्टर, मला जगावंसं वाटत नाहीये, मला मदत हवी आहे’ हे वाक्य घरी मोठ्याने चार वेळा म्हणून बघा. तिथे जमलं नाही तर कागद द्या, फोनवर लिहून फोन हातात द्या, काहीही चालेल. रडू आलं तर येऊ द्या, त्या खुर्चीने रडणारी माणसं खूप पाहिलेली असतात. अपॉइंटमेंट घेताना फक्त ‘थोडा जास्त वेळ लागेल, शेवटची वेळ द्या’ एवढं सांगा. कारण सांगायची गरज नाही.

फॅमिली डॉक्टर यात काय करणार, अशी शंका तुमच्या लिहिण्यात दिसली. बरंच काही करतात. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांनाही नैराश्यासारख्या मनाच्या आजारांवर उपचार करता यावेत, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ पासून खास कार्यक्रम चालवला आहे. नैराश्य किती आहे हे बघायला बरेच डॉक्टर नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली भरून घेतात, तिचं नाव पीएचक्यू-९. मागच्या दोन आठवड्यांबद्दल प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टर अधिक खोलात जातात. नववा प्रश्न मरणाच्या विचाराबद्दल असतो. तिथे खरं तेच लिहा, आकडा कमी यावा म्हणून हात आखडता घेऊ नका. रक्त तपासायला सांगतील, कारण थायरॉइड मंदावलं, हिमोग्लोबिन उतरलं किंवा बी-१२ कमी पडलं तरी माणूस असाच गळून जातो. स्टिरॉइडसारख्या काही औषधांनीही मन ढवळून निघतं, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. दारू घेत असाल तर तेही लपवू नका.

आणखी एक गोष्ट आपण होऊन सांगा, कारण ती बरेचदा विचारायची राहून जाते. पूर्वी कधी याच्या अगदी उलट दिवस आले होते का? म्हणजे झोप दोन-तीन तास, तरी थकवा नाही, डोक्यात कल्पनांची गर्दी, हात सैल सोडून खर्च, बोलणं थांबतच नाही. असं झालं असेल तर आजार बायपोलर असू शकतो, आणि त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर मन उलट्या टोकाला जाऊ शकतं.

गोळ्या सुरू झाल्या तर धीर लागतो. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरा परिणाम दिसायला त्याहून जास्त. त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच जाणवतो: मळमळ, अस्वस्थपणा, झोप आणखी उडणं. मी पाचव्या दिवशी गोळी सोडणार होते. तुम्ही सोडू नका, फोन करून विचारा. बेचैनी फार वाढली किंवा मरणाचे विचार जास्त यायला लागले तर त्याच दिवशी कळवा. वय पंचविशीच्या आत असेल तर सुरुवातीच्या दिवसांत घरच्या कुणाचं लक्ष असणं फार गरजेचं. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने तरी गोळी चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. एकदम थांबवली तर चक्कर, चिडचिड, अंगात झिणझिण्या असं होतं. झोपेची गोळी दिलीच तर ती थोड्या दिवसांपुरतीच घ्या, तिची सवय लागते. डॉक्टरांनी एका वेळी आठवड्याच्याच गोळ्या दिल्या तर तो अविश्वास समजू नका. तुम्हाला जपण्यासाठीच ते तसं करतात.

घरी कळेल का, ही भीती खरी आहे. घरातल्या सगळ्यांचे डॉक्टर तेच असले की जास्तच. बसल्याबसल्या विचारा, ‘माझं हे बोलणं तुमच्याजवळच राहील ना?’ पेशंटचं बोलणं बाहेर जाऊ न देणं हे त्यांचं कर्तव्यच आहे. अपवाद जिवाला धोका असेल तेव्हाचा. तेव्हाही कुणाला आणि किती सांगायचं, हे चांगला डॉक्टर तुमच्याशी बोलून ठरवतो. माझ्या डॉक्टरांनी विचारलं, ‘घरात एका माणसाला सांगायचं झालं तर कोणाला सांगाल?’ मी बहिणीचं नाव घेतलं. त्यांच्यासमोरच तिला फोन लावला.

आणि समजा डॉक्टर नीट वागले नाहीत? ‘एवढं काय त्यात, मन रमवा’ म्हणाले? असं होतं. ती भिंत समोर आली की माणूस परत फिरतो आणि स्वतःलाच दोष देतो, म्हणून आधीच सांगते. एकदाच शांतपणे म्हणा, ‘डॉक्टर, हे टेन्शन नाही. मला रोज मरावंसं वाटतंय.’ तरी फरक पडला नाही तर मानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी मागा. तीही मिळाली नाही तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, त्याच आठवड्यात जा. एका डॉक्टरला ऐकता आलं नाही म्हणून तुमचं दुखणं खोटं ठरत नाही. शक्य असेल तर कुणाला तरी सोबत न्या, जे तुमचं बोलणं अडलं की ‘तो कागद दाखव ना’ एवढं म्हणतील.

निघताना पुढची तारीख घेतल्याशिवाय उठू नका. मी उठत होते, तेव्हा डॉक्टरांनी तोच कागद उलटा करून मागे चार दिवसांनंतरची तारीख लिहिली आणि म्हणाले, ‘बरं वाटलं तरी या. नाही वाटलं तरी या.’ मी गेले तेव्हा काहीच बरं वाटत नव्हतं. तसं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि खाली पुढची तारीख लिहिली.