गावतळ्याची कड खचतेय, आत पाणकणीस माजलंय: काय करावं?

तुम्ही विचारलंय की उथळ बाजूला माजलेलं रान जेसीबीने उपसावं का, आणि खचणाऱ्या काठावर कोणतं गवत लावावं. जेसीबी तूर्त थांबवा.

आधी ओळख पटवा. तपकिरी कणसं येतात, पानं चपटी आणि खोडाला पेरं नाहीत, ते पाणकणीस. शास्त्राच्या हिशेबात ते गवत नव्हेच, पण राहणी तीच. पोकळ, पेरांचं खोड आणि डोक्यावर तुरा असेल तर तो नळ; लिहायचे बोरू अशाच खोडांचे करत. दोघांचंही खरं झाड चिखलात आडवं पसरलेलं असतं. जेसीबीने त्या आडव्या खोडाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो. वर तळ्याचा तळ आणि काठ उकरला जातो तो वेगळाच.

चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. ही झाडं पानाखोडातल्या पोकळ्यांमधून हवा खाली मुळांपर्यंत पोचवतात. वाळून उभे राहिलेले धांडेसुद्धा हे काम करतात. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी आटल्यावर कापलं तर काहीच साधत नाही, उलट जोमाने फुटतं. कापायचं ते तळं भरलेलं असताना, पाण्याखाली, असं की खुंट निदान वीतभर बुडलेले राहतील. हवेची वाट बंद झाली की खालचं खोड कुजायला लागतं. आमच्याकडे पक्ष्यांची वीण आटोपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापतात. कणसं पिंजून कापूस उडायच्या आत खुडून घ्या, कारण एका कणसात लाखाच्या वर बिया असतात. कापलेलं पाण्यात सोडू नका, कुजून पाणी घाण होतं.

पण सगळं काढू नका. ओढ्याचं, गोठ्यांचं पाणी जिथून तळ्यात शिरतं तिथला पट्टा राखा. गाळ तिथेच अडतो आणि खताचा अंशही बराचसा तिथेच शोषला जातो. जांभळी पाणकोंबडीही त्यातच राहते.

आणि गुरांना तळ्यावर कायमची बंदी घालण्याचा जो ठराव तुम्ही म्हणताय, त्याआधी भरतपूरचं उदाहरण ग्रामसभेत सांगा. राजस्थानातल्या भरतपूरजवळच्या केवलादेव या पक्ष्यांसाठी राखलेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या पाणथळीत १९८२ साली चराई बंद झाली. म्हशी गेल्या आणि पास्पालम नावाचं पाण्यावर पसरणारं बहुवर्षायू गवत असं माजलं की पाणपक्ष्यांना लागणारं मोकळं पाणीच आक्रसलं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने तिथे अनेक वर्षं अभ्यास केला आणि निष्कर्ष म्हशींच्या बाजूने निघाला. चराई मोकाट नको हे मान्य, पण दरवर्षी कोणीतरी ते गवत खाल्लं किंवा कापलंच पाहिजे. माझ्या मते उन्हाळ्यात ठरावीक बाजूने म्हशी सोडणं हे कुठल्याही यंत्रापेक्षा स्वस्त पडतं.

आता काठ. तिथे नळ लावू नका, कांस तर नकोच. कांस माती घट्ट धरतो, पण शेजारच्या काळ्या रानात शिरला की पिढ्यान्‌पिढ्या निघत नाही. (गंमत म्हणजे आजच्या उसाच्या अंगात याच कांसाचं रक्त आहे. कोइमतूरला त्याच्याशी संकर करून काढलेली को २०५ ही जात १९१८ मध्ये आली.)

काठाला वाळा लावा. तो आडवा धावत नाही, लावला तिथेच राहतो, आणि चांगल्या मातीत त्याची मुळं तीन-चार मीटर सरळ खाली जातात. जागतिक बँकेने १९८० च्या दशकात त्याचा प्रचार केला, पण कर्नाटकातल्या गुंडलुपेट भागात शेतकरी कितीतरी आधीपासून तो बांधांवर लावत होते. रोपं घेताना दक्षिणेकडची, बी न धरणारी जात मागा. पाऊस लागताच, पाणी जास्तीत जास्त जिथवर चढतं त्या रेषेवर एक ओळ आणि तिच्या वर दुसरी ओळ लावा. दोन ठोंबांत १० ते १५ सेंमीच अंतर ठेवा. फट राहिली तर पाणी नेमकं तिथूनच माती नेतं. झाडांच्या सावलीत तो दबतो, म्हणून काठावरच्या दाट बाभळींखाली लावून पैसे घालवू नका. पहिलं वर्ष गुरांपासून जपा. पुढे वर्षातून एकदा-दोनदा गुडघाभर उंचीवर छाटला की फुटवे दाट येतात.

माठात टाकायला, पडद्यांना म्हणून मुळं मागायला माणसं येतील. काठावरची देऊ नका, मुळांसाठी वेगळा वाफा करा.

तळ्याला प्लास्टिकचं अस्तर असेल तर मात्र आत काहीच लावू नका. नळाचे कोंब टोकदार असतात. अस्तर आहे की मातीचंच तळं आहे, आणि मे महिन्यात पाणी किती उरतं, तेवढं कळवा. त्यावर कुठून कापायला घ्यायचं ते सांगता येईल.