गोठ्यातलं वाचनालय बघायला जाशील तेव्हा

अगं पोरी,

तुझा रात्री बाराचा तो लांबलचक मेसेज वाचला, फोटो पण बघितले. आजोबांचा गोठा रिकामा पडलाय, तिथं वाचनालय काढायचं म्हणतेस, भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. पण लगेच पेंटरला फोन लावू नकोस. आधी शिराळ्याकडं ते गोठ्यातलं वाचनालय आहे ना, ते बघून ये, आणि जायचं तर जुलैत जा, दिवाळीच्या सुट्टीत सगळीच वाचनालयं चांगली दिसतात.

मी मागच्या पावसाळ्यात गेलतो. मंगलोरी कौलं, दगडी भिंती, बाभळीच्या तुळया तशाच ठेवल्यात, दावणीच्या लोखंडी कड्या पण आहेत, त्यात लोक छत्र्या अडकवतात. गव्हाण, म्हणजे गुरांना चारा टाकायची जागा, फोडली नाही त्यांनी, तिच्यात बालविभाग केलाय, चौथी-पाचवीतली पोरं कडेवर कोपर टेकून उभ्या उभ्या वाचत होती, उंची अगदी त्यांच्या मापाची. पण तू फोटोच काढत बसू नकोस, खाली वाक आणि फरशी बघ. गोठ्याची जमीन सपाट नसते, मूत वाहून जायला एका कडेला उतार असतो, वरून शहाबादी टाकली तरी यांनी तो उतार मोडला नाही, म्हणून प्रत्येक रॅकच्या एका बाजूच्या पायांखाली लाकडाची पाचर. मला वाटलं काम अर्धवट सोडलंय. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "अहो, कौलं गळली की पाणी आपापलं बाहेर जातंय की."

भिंतींना चुन्याचा गिलावा आहे. तुझा गवंडी सिमेंट सुचवणार, लिहून देतो, त्याचं ऐकू नकोस. मातीत रचलेल्या दगडी भिंतीत खालून ओल चढतेच, चुन्यातून ती बाहेर पडते, सिमेंट तिला आत कोंडतं आणि मग पोपडे सुटतात. रॅक भिंतीपासून वीतभर लांब ठेव म्हणजे मागून वारा फिरेल, वाळवी आली तरी दिसेल.

आणि खालची फळी. ही माझी चूक सांगतो. ऑगस्ट 2019 च्या पुराच्या वेळी मी जिथं कामाला होतो तिथं बाइंड केलेले जुने अंक जड म्हणून मीच सगळ्यात खाली लावलेले. पाणी ओसरल्यावर गेलो तर कागद फुगून अंक एकमेकांत असे बसलेले की एकसुद्धा निघेना, ओढला तर पुठ्ठा हातात आणि आतलं तिथंच. जे निघाले ते मी घाईनं उन्हात टाकले, तेही चुकलं, वाकडे होऊन कडक झाले. सावलीत, पंख्याखाली, मधे कोरे कागद घालून वाळवायचे असतात आणि दोन दिवसांच्या आत, नाहीतर बुरशी धरते. असो.

भिलारला जाऊन आलीस ते बरं केलंस, पण 2017 च्या मे महिन्यात सुरू झालेलं ते पुस्तकांचं गाव म्हणजे सरकारी उपक्रम, पाहुणा येतो, तिथंच बसून वाचतो, जाताना स्ट्रॉबेरी घेतो. तुला पुस्तक घरी न्यायला द्यायचंय, हे काम वेगळं. म्हणून मॅडमना देवघेवीचं रजिस्टर दाखवा म्हण, कुठल्या वारी किती पुस्तकं गेली, भांगलणीच्या दिवसात बायका किती वाजता येतात, कोण सहा महिने पुस्तक दाबून बसलंय, सगळं त्यात दिसतं. अनुदानाचं एवढ्यात डोक्यात घेऊ नकोस, 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळाली तर अ ब क ड असा वर्ग ठरतो आणि त्याप्रमाणं पैसे येतात, पण दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदतात ती वही, मात्र पहिल्या पुस्तकापासूनच चोख ठेव, मागाहून लिहायला बसलीस तर वेड लागेल.

अजून एक. आजोबांना विचारलंस ते ठीक, पण शेण काढायला कोण जायचं? आजीच ना? मग आजीला विचार, पावसाळ्यात कडबा कुठल्या कोपऱ्यात बुरसायचा. तिथं रॅक नको, टेबल टाक.

गव्हाणीचं माप घेऊन रविवारी ये, चहाला.

तुझा,
काका