आईचे अंग बाहेर येते. पिशवी काढण्याशिवाय दुसरा उपाय आहे का?

आपल्या आईचे वय ५६ आहे, तीन बाळंतपणे झाली आहेत, संध्याकाळपर्यंत अंग बाहेर आल्यासारखे वाटते, डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितले आहे, आणि व्यायामाने हे बरे होईल का असे आपण विचारले आहे. व्यायामाबद्दल पुढे लिहितेच, पण आधी पिशवीबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण ‘एकदा पिशवी काढली की कटकट मिटली’ या वाक्यावरून माझा आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंचा वाद वीस वर्षे चालू आहे.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. १९८८ साली दुसऱ्या बाळंतपणात चिमटा लावावा लागला, आणि बारशाच्या दुसऱ्या दिवशी मी विहिरीवरून भरलेला हंडा आणला, कारण घरात दुसरे कोणी नव्हते आणि सव्वा महिना बसून खाणे आमच्याकडे चैन समजली जाई. त्यानंतर शिंक आली, खोकला आला किंवा कवायतीला मुलांबरोबर उडी मारली की लघवीचे थेंब गळू लागले. जुन्या लुगड्याच्या घड्या लावून आणि शाळेत दिवसभर पाणी न पिता मी चौदा वर्षे काढली. शाळेला धड मुतारी नव्हती, ही वेगळीच गोष्ट. पाणी कमी प्यायल्याने बद्धकोष्ठ झाले आणि रोजच्या कुंथण्याने खालचा भाग आणखी उतरला, हे मला फार उशिरा कळले. सासूबाईंना एकदा सांगितले, तेव्हा ‘बाईच्या जातीला हे असायचेच’ असे उत्तर मिळाले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, त्यात ९२ टक्के स्त्रियांना एखादा तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. त्यामुळे मुकाट्याने सोसणारी मी एकटी नव्हते.

२००३ साली जाऊबाईंचे मायांग बाहेर येऊ लागले, तेव्हा त्यांनी तालुक्याच्या एका दवाखान्यात पिशवी काढून घेतली. पुढच्या वर्षी माझी तपासणी झाली आणि मूत्राशयाची भिंत योनीत उतरल्याचे निदान झाले, तेव्हा त्यांनी मलाही तोच मार्ग सुचवला. मी नकार दिला, म्हणून मी भित्री ठरले. आठ वर्षांनी जाऊबाईंना पुन्हा तोच त्रास सुरू झाला, फरक इतकाच की या वेळी पिशवी नव्हती आणि योनीचा वरचा भागच खाली आला होता. यात नवल काहीच नाही. पिशवी स्वतःहून खाली येत नाही. तिला वर धरणारे स्नायू आणि बंध सैल पडतात, आणि फक्त पिशवी काढल्याने ते घट्ट होत नाहीत. पिशवी राखून तिला वर बांधण्याच्या शस्त्रक्रिया मुंबईतल्या डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांच्या नावाने प्रसिद्ध आहेत, तरी आपल्याकडे चाळिशी उलटलेल्या बाईची पिशवी म्हणजे अडगळ, अशीच समजूत आहे. मला त्या समजुतीचा राग येतो.

आता व्यायाम. डॉ. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली तो मांडला. लघवी थोपवताना जे स्नायू आवळले जातात तेच आत आणि वर ओढायचे, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचे, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास रोखायचा नाही आणि लघवी करताना मध्येच थांबवून सराव करायचा नाही. मी वर्षभर कुणाला न विचारता हा व्यायाम केला आणि काही फरक पडला नाही. शेवटी फिजिओथेरपिस्ट बाईंनी तपासले, तेव्हा मी स्नायू वर ओढण्याऐवजी शौचाला बसल्यासारखी खाली ढकलत होते असे निघाले. योग्य पद्धत शिकल्यावर चार महिन्यांत गळणे जवळजवळ थांबले. शिंकण्याआधी क्षणभर आवळून धरण्याची सवय तर आजही आहे. पुढे पंचावन्नाव्या वर्षी जडपणा वाढला, तेव्हा डॉक्टरांनी उतरलेला भाग वर धरून ठेवणारी मापाची सिलिकॉनची रिंग योनीत बसवली. ती मी स्वतः काढून, धुऊन पुन्हा बसवते. जाऊबाई तिला ‘बाटलीचे बूच’ म्हणतात.

मी डॉक्टर नाही, हे खरे तर आधी लिहायला हवे होते. अंग योनीच्या तोंडाबाहेर येत असेल तर नुसत्या व्यायामाने ते आत जाऊन राहील अशी आशा धरू नये. सौम्य उतरण असेल तर त्रास कमी होतो, एवढेच. रिंगचीही वेळोवेळी तपासणी लागते, नाहीतर आत जखम होते. पाळी गेल्यानंतर रक्त जात असेल किंवा लघवी अडत असेल तर माझे उत्तर बाजूला ठेवून आईला लगेच दाखवावे. काही जणींना शस्त्रक्रिया लागते, आणि कधी पिशवी काढणेही योग्य असते. मात्र होकार देण्यापूर्वी शल्यविशारदांना एक प्रश्न जरूर विचारावा, की पिशवी काढल्यावर योनीचा वरचा भाग कशाला बांधणार आहात. जाऊबाईंच्या वेळी तो कोणीच विचारला नाही. मीही नाही, कारण तेव्हा मला तो ठाऊकच नव्हता.