कुटुंबाच्या मेळाव्यात दिवंगतांची आठवण: पहिल्यांदा करताय तर

आधी नावांची यादी पक्की करा, बाकी सगळं नंतर. प्रत्येक घरातल्या एका जाणत्या माणसाला फोन लावून ती वाचून दाखवा. एखादं नाव सुटलं तर त्या घरच्यांना ते वर्षानुवर्षं लागून राहतं. लहानपणीच गेलेली मुलं आणि अविवाहित आत्या-काका हमखास सुटतात, तेव्हा त्यांच्याबद्दल मुद्दाम विचारा.

फोटोंचं एवढं सांभाळा:
- मूळ फोटो घरीच राहू द्या, स्कॅन मागवा.
- जुन्या कागदी फोटोमागे नाव मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने लिहायला सांगा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.
- ओळख न पटलेले चेहरेही मांडा, शेजारी कोरा कागद ठेवा. वडीलधारी माणसं तिथे रेंगाळतात आणि नावं सांगतात. मला तर हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

लांबलचक भाषणं नकोत. नावं सावकाश वाचा आणि दोघा-तिघांना एकेक छोटा प्रसंग सांगू द्या. पंधरा मिनिटं पुरतात.

ज्यांच्या घरातलं नुकतंच कुणी वारलंय, त्यांना फोटो आणि प्रसंग चालतील का, ते आधी एकट्यात विचारा. नको म्हणाले तर फक्त नाव घ्या. व्हिडिओ, वंशावळ वगैरे पुढच्या वेळी बघू.